जिथे हिरवळ तग धरत नाही, तिथे ब्राह्मी

उत्तरेच्या भिंतीलगतचा पट्टा, दोन इमारतींमधला बोळ, मोठ्या झाडाखालची गोल जागा. या तिन्ही ठिकाणी लॉन लावायचा हट्ट आधी सोडा. लॉनचं गवत उन्हात वाढणारं. सावलीत ते लांबुडकं होतं, मग विरळ होतं, आणि पावसाळ्यात त्याच्या जागी शेवाळ येतं. दरवर्षी नवे तुकडे आणून अंथरणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या चिकाटीचं कौतुक वाटतं, पण सल्ला बदलत नाही.

अशा जागेसाठी माझी निवड ठरलेली आहे, ती म्हणजे ब्राह्मी. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. मंडूकपर्णी आणि कारिवणा ही तिचीच नावं. आपल्याकडे ओढ्याकाठी, भाताच्या बांधांवर, विहिरीच्या पाझराजवळ ती आपली आपण उगवते. कुळ कोथिंबीर, जिरे आणि गाजराचं, पण स्वभाव वेगळा. कोथिंबीर फुलावर आली की संपते. ब्राह्मी वर्षानुवर्षं जगते, धावत्या खोडांनी पसरते, आणि मुळाशी ओल असेल तर बारा महिने हिरवी राहते. उंची वीतभर, फार तर थोडी जास्त. कापणीचं यंत्र नको, दर आठवड्याची देखभाल नको.

सावलीत जमीन झाकायची म्हटलं की हमखास वेडेलिया सुचवली जाते. चकचकीत पानं, पिवळी फुलं, आणि काही न करता पसरते. तेच तर भय आहे. ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली वनस्पती आहे आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे. बागेतून उपटून ओढ्यात फेकलेला तुकडासुद्धा तिथे रुजतो. ब्राह्मीही पसरते, पण ती इथलीच आहे, मुळं वरच्या थरात असतात आणि नको तिथून खुरप्याच्या दोन फटक्यांत निघते.

रोप घेताना पान उलटं करून बघा

ब्राह्मी या नावाखाली रोपवाटिकेत तीन वेगवेगळ्या वनस्पती हातात पडू शकतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

आपल्याला हवी ती ब्राह्मी अशी दिसते: पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, गोलसर, दोन ते पाच सेंटिमीटर रुंद, आणि देठ जिथे जोडला जातो तिथे पानाला खोल खाच. कडा बोथट दातेरी. पान उजेडासमोर धरलं की सगळ्या शिरा त्या खाचेतल्या एकाच बिंदूतून निघून कडेपर्यंत गेलेल्या दिसतात. जमिनीवरून जाणारं खोड दोऱ्याइतकं बारीक आणि बहुधा तांबूस. त्या खोडावर ठरावीक अंतराने पेरं येतं. पेऱ्याच्या वर पानांचा झुबका, खाली पांढऱ्या मुळांचा पुंजका. फुलं वरून दिसणारच नाहीत. पानं बाजूला सारली तर बुडाशी, अगदी मातीला टेकून, तांदळाच्या कणीएवढी गुलाबी-जांभळट फुलं सापडतील, बहुतेक तीन-तीनच्या गुच्छात.

दुसरी असते पेनीवर्ट, म्हणजे हायड्रोकोटाइलची अमेरिकी जात. तिचं पान पूर्ण गोल असतं, खाच नसते, आणि देठ छत्रीच्या दांड्यासारखा बरोबर मध्यभागी चिकटलेला असतो. दिसायला ती छान दिसते, कुंडीत ठेवायची तर ठेवा. जमिनीत मोकळी सोडू नका, पाणथळ जागेत ती आवरत नाही.

तिसरी जलब्राह्मी, बाकोपा. ही आपलीच, औषधीही आहे, पण पानं लहान, मांसल, लांबट असतात आणि फुलं पांढरी किंवा फिकट जांभळी. तिला चिखल आणि ऊन दोन्ही लागतात. सावलीत लावली तर एकेक काडी वर काढून ती बिचारी उन्हाकडे झुकत राहते. ती जमीन झाकणार नाही.

विक्रेत्याशी नावावरून वाद घालत बसू नका. खाच दिसली, दातेरी कड दिसली, तांबूस धावतं खोड दिसलं, की उचला. कुंडीतली माती मुळांनी गच्च भरलेली आणि खोडं कडेवरून खाली लोंबणारी असतील तर उत्तमच, कारण ती लोंबणारी खोडं म्हणजे फुकटची रोपं.

सावलीपेक्षा ओल मोजा

लोक मला विचारतात, किती सावली चालेल? मी उलट विचारते, त्या सावलीत पाणी किती असतं? सावली म्हणजे ओल, असं आपण गृहीत धरतो, आणि बहुतेक ठिकाणी रोपं मरतात ती याच समजुतीपायी. भिंतीलगतच्या पट्ट्यावर वरच्या सज्जामुळे पाऊस पडतच नाही. मोठ्या झाडाखाली वरचा पर्णसंभार बराचसा पाऊस अडवतो आणि खाली पोचलेलं पाणी झाडाची मुळं ओढून घेतात. अशी कोरडी सावली ब्राह्मीला उन्हापेक्षाही जाचते.

म्हणून लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. दुपारी बाराच्या सुमारास त्या जागी जमिनीपासून फूटभर वर हात धरा. हाताची पुसटशी सावली जमिनीवर दिसली तर उजेड पुरेसा आहे. सावली अजिबात उमटली नाही तर जागा फार अंधारी आहे. तिथे ब्राह्मी जगेल, पण देठ लांबच लांब होतील, पानं पातळ पडतील आणि मधे माती दिसत राहील. वरच्या झाडाच्या दोन-चार खालच्या फांद्या छाटल्या तरी पुष्कळ फरक पडतो. अर्धी सावली, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर गाळून येणारा उजेड, ही तिची सर्वांत आवडती जागा. पानं सर्वांत मोठी आणि हिरवीगार तिथेच होतात. कडक उन्हात ती मरत नाही, पण पानं बारकी होतात आणि कडा तांबूस दिसू लागतात. पुढे कधी शंका आली तर रोपच सांगेल: देठ लांब म्हणजे उजेड कमी, पानं लहान आणि लालसर म्हणजे ऊन जास्त किंवा पाणी कमी.

दुसरी तपासणी मातीची. पाणी दिल्यानंतर तीन दिवसांनी खुरप्याने चार बोटं खोल उकरून मूठभर माती दाबा. ढेकूळ वळलं तर ठीक. भुसभुशीत पडली तर त्या जागेला उन्हाळ्यात दिवसाआड पाणी द्यायची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा. नसेल तर ब्राह्मी लावू नका. तिथे पालापाचोळ्याचा जाड थर पसरून जागा तशीच ठेवलेली बरी. मी हे गंमत म्हणून सांगत नाही. पाचोळ्याने झाकलेली जमीन ही वाईट बाग नसते.

उलट बाजूचं म्हणाल तर दलदल तिला चालते. टाकीचं पाणी ओसंडून जिथे सतत ओल राहते, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली जिथे थेंब पडतात, नळाच्या कट्ट्याभोवती, तिथे ती खुशीत असते. फक्त साबणाचं पाणी तिथे जाऊ देऊ नका, आणि महिनोन्‌महिने डबकं साचत असेल तर त्याला वाट काढून द्या.

जमीन तयार करताना घाई नको

सगळ्या कामात जास्त वेळ इथे घालवा. जागा वीतभर खणा आणि दगड, प्लास्टिक, बांधकामाचा राबिट काढून टाका. भिंतीलगतच्या पट्ट्यात हे हमखास सापडतं, इमारत बांधताना सगळा कचरा तिथेच पुरलेला असतो. सिमेंटचे गोळे मातीत राहिले तर माती अल्कधर्मी होते आणि पानं पिवळट पडतात. ब्राह्मीला किंचित आम्ल ते उदासीन माती मानवते.

खरी लढाई लव्हाळ्याशी. वरून पात ओढलीत तर काही साधत नाही. खाली काळपट गाठी असतात आणि त्या गाठी एकमेकींना बारीक धाग्यासारख्या मुळांनी जोडलेल्या असतात. एक गाठ राहिली की महिन्याभरात तीन पाती. म्हणून खणताना माती हाताने चाळून गाठी वेचा. मग जागेला पाणी द्या आणि दोन आठवडे काहीही लावू नका. उरलेल्या गाठी आणि तणांचं बी या काळात वर येईल. तेही काढा. हे दोन आठवडे जड जातात, रोपं कोपऱ्यात वाट बघत असतात, पण एकदा ब्राह्मीची जाळी पसरली की तिच्यातून लव्हाळा काढणं म्हणजे रोज एक तास बसून केस विंचरण्याचा प्रकार होतो.

नंतर दर चौरस मीटरला पाच-सहा किलो चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. काळ्या मातीत हेच पुरे. वाळू घालायच्या फंदात पडू नका. जांभ्याच्या किंवा मुरमाड मातीत पाणी टिकत नाही, तिथे खत थोडं वाढवा आणि भिजवलेला कोकोपीट मिसळा. ताजं शेण नको, त्याची उष्णता मुळांना भाजते आणि सोबत तणांचं बी येतं ते वेगळंच.

झाडाखाली लावत असाल तर वरचा सगळा नियम विसरा आणि खणू नका. झाडाची अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात. मुळांच्या मधे जिथे खुरपं सहज शिरतं तिथे ओंजळभर खड्डे करा, त्यात खत भरा आणि तिथेच रोप लावा. संपूर्ण जागेवर मातीचा थर टाकून पातळी उंचवायचा मोह होतो, तो टाळा. मुळांना हवा मिळत नाही. बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी सोडा.

कोणतं झाड आहे त्यावरही पुष्कळ अवलंबून असतं. चिंच, शिरीष, आवळा यांची पानं बारीक, ती ब्राह्मीच्या पानांमधून खाली झिरपतात आणि तिथेच कुजून खत होतात. आंबा, फणस, वड, देशी बदाम यांची जाड पानं मात्र वर पडून राहतात आणि दोन आठवड्यांत खालची ब्राह्मी पिवळी पाडतात. पानगळीच्या दिवसांत ती हाताने उचला किंवा हलक्या हाताने झाडणीने ओढा. लोखंडी दाताळं वापरलंत तर पाचोळ्याबरोबर धावती खोडंही निघून येतील.

लावणी

पहिले एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की लावा, म्हणजे साधारण जूनच्या अखेरीपासून जुलैभर. उताराच्या जागी मुसळधार पाऊस ओसरेपर्यंत थांबा, नाहीतर माती आणि रोपं दोन्ही वाहून जातात. पाण्याची सोय असेल तर हिवाळा संपेपर्यंत कधीही लावता येते. एप्रिल-मेमध्ये मात्र नको.

बियांच्या नादी लागू नका, उगवण बेभरवशाची असते. धावत्या खोडाचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पेरी हवीत आणि त्यातल्या निदान एकाला मुळं हवीत. मोठी पानं असतील तर काढून टाका, कोवळी दोन-तीन ठेवा. मुळं कमी आणि पानं जास्त असली की तुकडा सुकतो. संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी लावा. खुरप्याने उथळ चर पाडा, त्यात खोड आडवं ठेवा, मुळं असलेलं पेरं मातीत दाबा आणि पानांचा झुबका मातीच्या वर राहू द्या. झुबका पुरला गेला तर कुजतो. बांधकामाच्या मऊ तारेचे बोटभर तुकडे वाकवून हेअरपिनसारखे आकडे करून घ्या आणि प्रत्येक पेरं एका आकड्याने मातीला टेकवून ठेवा. पावसाच्या माऱ्याने उचकटलेला तुकडा रुजत नाही. माझ्या मते अर्धं यश या आकड्यांत आहे.

अंतर तुमच्या घाईवर आणि खिशावर ठरवा. २० सेंटिमीटरवर लावलं तर चौरस मीटरला २५ तुकडे लागतात, ३० सेंटिमीटरवर साधारण ११. अरुंद पट्टा किंवा उतार असेल तर जवळ लावा, मोठी जागा असेल तर लांब. पावसाळ्यात लावलेली जागा २० सेंटिमीटरच्या अंतराने तीन-चार महिन्यांत झाकली जाते.

रोपं कमी असतील तर एकच कुंडी जमिनीवर ठेवा, भोवती माती भरलेल्या छोट्या पिशव्या किंवा दह्याचे रिकामे डबे खाली भोकं पाडून मांडा, आणि लोंबणारं एकेक खोड एकेका डब्यात आकड्याने टेकवा. आईपासून न तोडता. तीनेक आठवड्यांत मुळं धरली की मधलं खोड कापा. अशा रोपांना लावणीनंतर धक्का बसत नाही.

रुजलं का हे बघायला तुकडा ओढू नका. झुबक्याच्या मध्यावर डोळा लावा. तिथे चुणीदार, घडी पडलेलं, पोपटी रंगाचं नवं पान वर येताना दिसलं की खाली मुळं कामाला लागली आहेत. जुनी पानं पिवळी पडली तरी काळजी नको.

पुढची देखभाल

पहिले दोन महिने तण काढणं हेच काम. लव्हाळा तुम्ही आधीच वेचला असेल, आता त्रास देईल ती आंबुटी. तिचं पान ब्राह्मीत बेमालूम मिसळतं, आणि शेंग वाळली की स्पर्शाने फुटून बी लांबवर उडवते. तिला फूल आलं त्याच दिवशी काढा. जाळी दाट झाली की नव्या तणाला उजेडच मिळत नाही.

पाणी झारीने किंवा फवाऱ्याने, सकाळी. पाइपची धार सरळ सोडली तर पेऱ्याखालची माती निघून मुळं उघडी पडतात. पावसाळा संपला की आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात दिवसाआड, फार तापलं तर रोज. दुपारी पानं मलूल दिसली आणि संध्याकाळी सावरली तर घाबरू नका. सकाळीच मलूल दिसली तर मुळाशी पाणी नाही. एखाद्या उन्हाळ्यात तुम्ही गावाला गेलात आणि सगळं वाळून गेलं तरी लगेच उकरून टाकू नका. पुष्कळदा पाऊस पडला की जुन्या पेऱ्यांतून ती पुन्हा फुटते.

खत वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडी आणि दसऱ्यानंतर, चाळलेलं कंपोस्ट बोटभर जाडीचं नव्हे, नखभर जाडीचं पसरा आणि लगेच पाणी देऊन पानांवरून धुऊन काढा. रासायनिक नत्र घातलं तर पानं मोठी होतात खरी, पण मऊ पडतात, आणि मग येतात गोगलगायी.

गोगलगायी हा या झाडाचा मुख्य शत्रू. पानाला वेडीवाकडी मोठी भोकं आणि मातीवर चकाकणारी रेघ दिसली की रात्री विजेरी घेऊन बाहेर पडा. मोठी आफ्रिकन गोगलगाय असेल तर हातमोजे घालूनच उचला, तिच्यामार्फत माणसाला आजार होऊ शकतो. मीठ टाकू नका. गोगलगाय मरते आणि मातीही. दिवसा त्या विटांच्या फटीत आणि उलट्या कुंड्यांखाली लपतात, त्या जागा आवरल्यात तर संख्या आपोआप घटते. पानांवर तपकिरी ठिपके आले तर बहुधा दाटी झालेली असते किंवा संध्याकाळी पाणी दिलेलं असतं. औषध फवारण्याआधी कात्री चालवा.

ही कात्री वर्षातून एकदा तरी चालवाच. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, सगळी जागा जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटरवर सपाट कापा. दोन आठवडे जागा उघडीबोडकी दिसते आणि घरातली माणसं तुम्हाला बोलतील. मग एकदम नवी, सारख्या उंचीची पालवी येते. कडेने बाहेर निघालेली खोडंही तेव्हाच छाटा.

तिच्यावरून रोज चालता येत नाही, हे आधी सांगायला हवं होतं कदाचित. अधूनमधून पाय पडला तर सावरते, पण नेहमीची वाट असेल तर पावलाच्या अंतरावर फरश्या बसवा, मातीच्या पातळीत. खोडं आपोआप त्यांना कड घालतात.

एकट्या ब्राह्मीचा पट्टा थोडा सपाट दिसतो, म्हणून मी तिच्यात पावसाळी कंद मिसळते. रानहळद आणि काळी मुसळी दोन्ही सावलीतल्या आणि इथल्याच. त्यांचे कंद उन्हाळ्यात जमिनीत झोपलेले असतात, तेव्हा वरची जागा ब्राह्मी झाकते. पाऊस आला की कंदाचे कोंब तिची जाळी सहज भेदून वर येतात. पावसाळ्यात रानहळदीची फुलं, मुसळीची जमिनीलगतची पिवळी चांदणी, आणि पुढे दोघी परत गायब. भिंतीच्या पायथ्याशी हंसराज लावला तर ओलाव्याची त्याची गरज ब्राह्मीसारखीच आहे, एकाच पाण्यात दोघांचं भागतं. हे कंद आणि नेचे रानातून खणून आणू नका, रोपवाटिकेतून वाढवलेलेच घ्या.

आणखी एक. ब्राह्मी दिसली की येणारा-जाणारा पान खुडून तोंडात टाकतो. ही वनस्पती मातीतले जड धातू शोषून घेते. गाड्या उभ्या राहतात त्या जागी, सांडपाण्याच्या कडेला किंवा जुन्या रंगाचे पोपडे पडतात अशा भिंतीखाली लावलेली ब्राह्मी फक्त बघण्यासाठी आहे, हे घरात सगळ्यांना, विशेषतः मुलांना, सांगून ठेवा. खायची किंवा औषधाला हवी असेल तर स्वच्छ मातीच्या वेगळ्या कुंडीत लावा, आणि औषध म्हणून घेण्याआधी वैद्यांना विचारा.

दोन-तीन वर्षांनी मधला भाग विरळ होऊ लागतो. खोडांवर खोडं चढून वरची पेरी मातीपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे त्यांना मुळं धरता येत नाहीत. अशा वेळी तेवढाच चौकोन खुरप्याने साफ काढा, ओंजळभर कंपोस्ट घाला, आणि कडेची तरतरीत खोडं आत वळवून आकड्यांनी टेकवा. जून-जुलैत केलंत तर गणपतीपर्यंत ठिगळ कुठे होतं ते ओळखू येत नाही.